आतोबांच्या गालावरचे खड्डे

माझ्या सासऱ्यांना सगळे 'खोडरबर' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. ते एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करत. म्हणजे फोटो दुसरं कोणीतरी काढायचं आणि त्यातली माणसं हे सुधारायचे. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाचा उजेड घ्यायचा, पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल धरायची आणि तीळ, मुरुम, सुरकुत्या एकेक करून बुजवायच्या. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार असतो. काळा डाग तिथे फिका दिसतो, त्यावर पेन्सिल फिरवली की कागदावर तो उमटत नाही. पांढरी खूण मात्र तिथे काळी असते, ती बारीक पात्यानं खरवडून काढावी लागते. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात मला हे सगळं समजावून सांगण्यात आलं. दुसऱ्या घरांत नव्या सुनेला साखरेचा डबा कुठे आहे ते दाखवतात.

आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या हनुवटीवर तीळ नाही. खऱ्या हनुवटीवर आहे, चांगला मसुराच्या दाण्याएवढा. मी विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, "अगं सूनबाई, फोटो जन्मभर राहतो." तीळही जन्मभर राहतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी नवीन होते.

माणूस वाईट नव्हता. उलट, हे सगळं ते मायेपोटी करत. माणसाचा चेहरा रोज दिसतो तो काहीतरी घाईत झालेला असतो, फोटोत तरी तो निवांत आणि नीटनेटका असावा, असं त्यांचं मत होतं. ओळखपत्राच्या फोटोंनाही ते सोडत नसत. एकदा एका कचेरीतल्या कारकुनानं समोरच्या म्हाताऱ्याला त्याचाच फोटो परत केला आणि म्हणाला, "चिरंजीवांचा नको, तुमचा आणा." त्या म्हाताऱ्यानं येऊन स्टुडिओत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. सासरे ही गोष्ट बढतीचं पत्र मिळाल्यासारखी सांगत.

खोडरबर हे नाव ठेवलं ते आतोबांनी. आतोबा म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आत्यांचे, यजमान. ते बेकरीत भट्टीवर होते. पहाटेपासून दुपारपर्यंत लांब दांड्याच्या फळीनं पाव आत सारायचे आणि बाहेर ओढायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले. पण त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की रस्त्यात भेटले असते तर नमस्कार केला असता. दोन्ही गालांवर लहानपणच्या देवीचे खड्डे होते. खालच्या ओठापासून हनुवटीकडे उतरलेला एक पांढरा डाग होता, भट्टीतल्या तापलेल्या ट्रेचा चटका बसून उमटलेला. आत्या त्यांना मलम लावा म्हणून मागे लागायच्या. त्यावर ते म्हणायचे, "भट्टीला मी भाजतो, मला भट्टी भाजते. यात मलम कुठून आलं?" आणि मेहुण्याला म्हणायचे, "खोडरबर, तुझ्यासमोर भूत बसवलं तर तेसुद्धा नवरदेव होऊन उठेल."

या वर्णनातलं आत्यांच्या भिंतीवर काहीही नव्हतं. तिथे चौकटीत एक गोरेगोमटे, गुळगुळीत गृहस्थ बसले होते. स्टुडिओच्या मालकानं तो फोटो कितीतरी वर्षं दर्शनी काचेत ठेवला होता. सासऱ्यांचं ते सगळ्यात चांगलं काम, असं सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांत स्वतः सासरे पहिले होते.

आत्यांच्या मुलानं त्यांना आपल्याकडे, दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं. गुडघे गेले होते, जिना झेपत नव्हता, आणि एकटीनं किती दिवस काढायचे? घर रिकामं करायचं ठरलं. आवराआवरीला मी जात होते. एका दुपारी सासरेही बरोबर होते. आम्ही भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होतो आणि आत्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "मला यांचा चेहरा आठवेनासा झालाय."

सासरे म्हणाले, "अगं, समोर तर आहे."

"तो फोटो आठवतो. यांचा चेहरा म्हणतेय मी." त्यांनी चौकटीकडे बोट दाखवलं. "आधी डोळे मिटले की यायचे समोर. आता हा फोटोच येतो. आवाज आठवतो, चालणं आठवतं, अंगाला पिठाचा वास यायचा तो आठवतो. चेहरा तेवढा गेला. तिकडे तर हे घरही नसणार. मला एक अल्बम करून दे रे. यांचे सगळे फोटो लावून. बघत बसले तर येईल एखाद्या दिवशी."

आत्या सहसा काही मागणाऱ्यातल्या नाहीत. भाजीवाल्याकडे कोथिंबीरही मागून घ्यायच्या नाहीत. सासऱ्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "करतो," ते म्हणाले, "असा करतो की बघत राहशील."

घरी आल्यावर जे सुरू झालं त्याला अल्बम करणं म्हणतात हे मला सांगावं लागलं. जेवायचं टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. स्टुडिओ बंद झाला तेव्हा घरच्या लोकांच्या निगेटिव्ह सासऱ्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून आणल्या होत्या, ते डबे माळ्यावरून उतरले. नवे फोटो स्वतःच छापायचे म्हणून बाथरूममध्ये लाल दिवा लागला आणि घरातल्या माणसांनी अंघोळी त्यांच्या सोयीनं कराव्यात असं ठरलं. माझा नवरा एकदा दार वाजवून म्हणाला, "बाबा, ऑफिसला जायचंय." आतून उत्तर आलं, "तुझे आतोबा पाण्यात आहेत, थांब."

पण काम देखणं होत होतं, ते मान्य करायला हवं. जाड काळ्या कागदाची पानं सारख्या मापात कापली. दोन पानांमध्ये बटर पेपर घातला. फोटोला गोंद लावायचा नाही, गोंदानं फोटो पिवळा पडतो, म्हणून काळ्या कागदाचे छोटे कोपरे दुमडून केले आणि ते मैद्याच्या खळीनं चिकटवले. बेकरीतल्या माणसाचा अल्बम मैद्यानंच चिकटायला हवा, असं ते म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले. फोटोंच्या मध्ये वस्तूही होत्या. बेकरीची छापील कागदी पिशवी, सपाट करून लावलेली. दोघांनी पाहिलेल्या कुठल्यातरी सिनेमाची अर्धी तिकिटं. आतोबांच्या अॅप्रनचं बटण, काळ्या दोऱ्यानं पानालाच शिवलेलं. मुलाच्या पहिल्या बुटाची लेस. प्रत्येकाखाली पांढऱ्या शाईनं, मोत्यासारख्या अक्षरात दोन ओळी.

मी शेजारी बसून कोपरे दुमडत होते, त्यामुळे बाकीचंही दिसत होतं. निगेटिव्ह छापायला नेण्याआधी ते ती तिरक्या काचेवर ठेवत आणि पेन्सिल घेत.

"बाबा, हे तर आधी केलेलं आहे ना?"

"केलेलं आहे, पण तेव्हा हात कच्चा होता. हे बघ, गालावर दोन खड्डे राहिलेत. इथे डोळ्याखाली सुरकुती." त्यांनी भिंगातून पाहिलं. "ताईला चेहरा आठवत नाही याचा अर्थ फोटो नीट उतरलेले नाहीत. आता एकदम स्वच्छ करून देतो."

इथे मी काही बोलायला हवं होतं, असं पुढे माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं. त्याला सांगायला काय जातंय? चाळीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला, तो ते काम प्रेमानं करत असताना, तुम्ही उलट करताय असं सुनेनं सांगायचं! शिवाय खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं. खड्डे मी नुसते ऐकले होते, डोळ्यांनी पाहिलेले आतोबा गुळगुळीतच होते.

अल्बम घेऊन आम्ही गेलो तेव्हा आत्यांच्या घरात फक्त खोकी आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. भिंतीवरची चौकट उतरवली होती, तिच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन होता. आत्यांनी चष्मा पुसला, अल्बम मांडीवर घेतला. पिशवी बघून हसल्या. बटणावर बोट फिरवून म्हणाल्या, "हे मीच शिवलं होतं, दोरा चुकीच्या रंगाचा." तिकिटांशी बराच वेळ थांबल्या. फोटो आले की मात्र पान लवकर उलटत होतं. सासरे खोक्यावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे.

शेवटचं पान झालं. आत्यांनी अल्बम मिटला आणि त्यावर हात ठेवला.

"माणूस फार छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण माझं लग्न याच्याशी झालं नव्हतं."

सासरे हसले. कोणी हसलं नाही म्हणून थांबले. "म्हणजे?"

"खड्डे कुठे आहेत?"

"अगं, फोटोत खड्डे कोण ठेवतं? राहिले होते तेही या वेळी स्वच्छ केले. लोक बघतात."

"लोकांनी मागितला होता अल्बम? मी मागितला." आत्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी या गालावर हात ठेवून झोपायचे. माझ्या बोटांना ते खड्डे पाठ होते. आता इथे काय आहे? बशी आहे बशी! भिंतीवरच्या त्या फोटोनंच यांना खाल्लंय, हे मला आज कळलं. रोज तोच बघितला, आणि खरे गेले. आणि तू म्हणे आणखी स्वच्छ करून आणलेस!"

"मी भावोजींना चांगलंच दाखवत आलो."

"ते चांगले नव्हते का?"

सासऱ्यांनी अल्बम काखेत मारला आणि चहा न घेता जिना उतरून गेले. आत्या मला म्हणाल्या, "जा, बघ त्याच्याकडे. मी फार बोलले." त्या रडत होत्या. अल्बमसाठी नाही, माझी खात्री आहे, आता चेहरा कधीच परत येणार नाही असं त्यांना वाटलं म्हणून. त्यांना न्यायला मुलगा रविवारी येणार होता.

घरी सासरे कोणाशी बोलेनात. अल्बम टेबलावर आणि ते गॅलरीत. बोलायचं झालंच तर मांजराशी बोलत. "हल्ली लोकांना सफाईची किंमत नाही," असं त्यांनी मांजराला सांगितलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण इथे लेकही नव्हती, मांजराला वेठीला धरलं होतं. मी मुद्दाम मांजराला म्हणाले, "आणि हल्ली माझा तीळ कुठे गेला तेही कळत नाही." सासऱ्यांनी मान वळवून माझ्या हनुवटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं रोज माझ्या हातचा चहा घेत होते, पण तीळ त्यांनी बहुधा त्या एका निगेटिव्हवरच पाहिला असावा. मग पुन्हा गॅलरीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा घरात टर्पेंटाइनचा वास होता. मला वाटलं दाराला रंग देतायत. सासरे तिरक्या काचेशी बसले होते. समोर कापसाचे बोळे आणि काचेवर ती निगेटिव्ह, दर्शनी काचेतल्या फोटोची.

"पुसताय?" मी विचारलं.

"पेन्सिल आहे. टर्पेंटाइननं निघते." बोळा त्यांनी अजून टेकवला नव्हता. "हे करायला मला आठवडा लागला होता, सूनबाई. एकेक खड्डा सुईच्या टोकानं भरला. एवढं बारीक काम आता मागितलंस तरी व्हायचं नाही, हात हलतो. मालक म्हणाले होते, असं काम अख्ख्या शहरात कोणी करत नाही." त्यांनी बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "आणि ती म्हणते, बशी."

मग त्यांनी बोळा टेकवला आणि गोल फिरवायला सुरुवात केली. कापूस राखाडी झाला. भिंग माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "बघ." गालावर ठिपके वर येत होते. आधी एखाददुसरा, मग दाटीवाटीनं, उन्हात वाळणाऱ्या भिंतीचे पोपडे दिसू लागावेत तसे. डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या. भुवईत एक टवका आला, तो मला कोणी सांगितलाच नव्हता. सासरे मध्येच हसून म्हणाले, "अरे हो, ही भुवई!" एक झाली, दुसरी घेतली. शनिवारी दिवसभर आमच्या बाथरूममध्ये आतोबा नव्यानं जन्माला येत होते आणि यावेळी अंघोळीवरून कोणीही कुरकुर केली नाही.

ओले फोटो दोरीवर लटकवल्यावर मात्र सासरे खुर्चीत बसून राहिले. ओठाखालचा डाग कुठल्याच फोटोत नव्हता.

"तो पांढरा होता," ते म्हणाले. "पांढरं पात्यानं काढतात. पेन्सिल पुसली जाते. पात्यानं गेलं ते गेलं."

"तुम्ही काढून दाखवा ना. कसा होता?"

त्यांनी एका फोटोवर बोट नेलं. ओठाच्या डाव्या बाजूला थांबलं, मग उजवीकडे गेलं, मग परत आलं. "प्रत्येक फोटोतून मीच काढला," ते म्हणाले. "आणि नक्की कुठे होता ते मला सांगता येत नाही."

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा जिना चढलो. खाली गाडी उभी होती, मुलगा खोकी उतरवत होता. आत्या चपला घालून तयार बसल्या होत्या. सासऱ्यांनी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आत्यांनी पान उघडलं. मग त्यांचा हात फोटोवर गेला, गालावर, आणि तिथेच राहिला. "हां," त्या म्हणाल्या. दुसरं पान. "हां. हे खड्डे. बाई गं, भुवई!" पण चौथ्या-पाचव्या पानावर त्यांची बोटं खाली उतरली आणि ओठाखाली चाचपडू लागली. "इथे काहीतरी..."

"तो येणार नाही, ताई," सासरे खिडकीजवळूनच म्हणाले. "तो मी खरवडला होता. मला माफ कर. कुठे होता तेही मला धड आठवत नाही."

खालून मुलानं हाक मारली. आत्यांनी ती ऐकली नाही. त्यांनी पर्समधून प्रवासासाठी ठेवलेली सुईदोऱ्याची डबी काढली आणि सुई बाहेर घेतली.

"फोटोवर सुई ओढली तर पांढरं उमटतं ना रे? लहानपणी तुझे फोटो मी तसेच खराब करायचे, तू रडायचास."

"उमटतं." सासरे जवळ आले. "पण हळू. थांब, मी जागा सांगतो... म्हणजे तू सांग, मी ओढतो."

"नको. तुला माहीत नाही."

त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताचं बोट आधी स्वतःच्या ओठाखाली नेलं, मग ते हलवून दुसऱ्या बाजूला नेलं, कारण समोरच्या माणसाचं उजवं आपल्या डावीकडे येतं. मग डोळे उघडले आणि फोटोवर सुई टेकवली. ओठाच्या कडेपासून खाली, मध्ये जरा बाहेर झुकवून, हनुवटीच्या टोकाआधी थांबवून. एकदाही अडखळल्या नाहीत. रेघ वाकडी होती, कडा फाटक्या होत्या, आणि एका टोकाला कागदाचं कुसळ वर आलं होतं.

सासऱ्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात बारीक ब्रश होता, तो नेहमीच असतो. जित्याची खोड म्हणतात ती हीच. ब्रश अर्धा बाहेर आला. ते त्या कुसळाकडे बघत होते. मग त्यांनी ब्रश परत खिशात सारला आणि वरून हात दाबून धरला.

आत्यांनी अल्बम जरा लांब धरला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि मी पाहिलेल्या आत्या वेगळ्याच झाल्या, भांडायला उठलेली एक तरणी बाई झाल्या.

"अहो," त्या फोटोला म्हणाल्या, "मलम लावा म्हटलं होतं ना मी!"